काबरी बसली, घर उठलं

खुडूक बसलेली कोंबडी ओळखायला पशुवैद्यकाची पदवी लागत नाही, तिच्याजवळ हात न्यायची हिंमत लागते. कालपर्यंत नुसतं ‘हुश’ म्हटलं की कुंपणापलीकडे जाणारी ही बाई आज जागची हलत नाही. पिसं फुलवून अंगानं दुप्पट होते, नजर कुठेतरी लांब लावून बसते, आणि आपण फारच जवळ गेलो तर घशातल्या घशात असं काही गुरगुरते की ज्याला आपण आजवर रस्सा समजत होतो त्याला मतंही असतात, हे पहिल्यांदा कळतं. पोटाखाली अंडी असलीच पाहिजेत अशी तिची अट नसते. गोल गोटा चालतो, बटाटा चालतो, पोरांचा हरवलेला चेंडू चालतो. काहीच नसेल तर रिकाम्या जागेवरही ती तितक्याच निष्ठेनं बसते. माझं आयुष्य सरकारी नोकरीत गेल्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

आमची काबरी (ठिपक्यांच्या कोंबडीला इकडे दुसरं नाव सुचत नाही) दिवाळीच्या तोंडावर बसली, आणि बसली ती बारदान्यावर. गोंदिया जिल्ह्यात ज्याच्याकडे दोन बांध्या आहेत त्याच्या सपरीत त्या दिवसांत रिकाम्या पोत्यांची एक थप्पी असतेच. हलकं धान कापून झालेलं असतं, भारी धान अजून उभं असतं, आणि आधारभूत खरेदी केंद्र कधी उघडणार याची पानठेल्यावर रोज नवी तारीख निघत असते. धान असतं तेव्हा बारदाना नसतो, बारदाना येतो तेव्हा गोदामात जागा नसते. म्हणून शहाणा माणूस पोती आधीच जमवतो. मी जमवली होती. काबरीनं ती पाहिली, पायानं उकरून तपासली आणि पसंत केली.

आता तिला बसू द्यायचं की उठवायचं, एवढाच प्रश्न होता. भंडाऱ्यापासून वेगळं होऊन १ मे १९९९ रोजी आमचा जिल्हा झाला, त्याचीही चर्चा आमच्या घरात इतकी लांबली नव्हती.

मुळात मला या विषयात मत असलं तरी मताधिकार नव्हता. आमच्या भागात बैल, बांधी आणि कर्ज पुरुषाच्या नावावर असतं, कोंबड्या बाईच्या. अंड्याचे पैसे बाईचे; त्यातून आठवडी बाजारात बांगड्या येतात, पोरांच्या वह्या येतात आणि नवऱ्याला न सांगता लावलेली भिशी चालते. तरीही मी कागद-पेन घेऊन बसलो, कारण ज्या गोष्टीत आपल्याला कोणी विचारत नाही तिचा हिशेब मांडायची पुरुषांना सवय असते.

हिशेब असा. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तीही तीन-चार हप्त्यांत. बारा-पंधरा अंडी दिली की तिला आई व्हायची आठवण येते. बसू दिलं तर एकवीस दिवस उबवण्यात, नंतर दोन-अडीच महिने पिल्लांमागे. तेवढ्या काळात एक अंडं मिळायचं नाही. उठवलं तर पंधरवड्याभरात पुन्हा अंड्यावर येण्याची शक्यता. अंडं ही रोख रक्कम, पिल्लू ही मुदत ठेव. फरक इतकाच की या खात्यावर घार, मुंगूस, रानमांजर आणि मानमोडी या चौघांनाही सहीचा अधिकार असतो. मानमोडी म्हणजे राणीखेत. कुमाऊंमधल्या एका सुंदर थंड हवेच्या गावाचं नाव या देशात कोंबड्यांच्या मरीला मिळालंय, आणि त्या गावानं अजून अब्रुनुकसानीचा दावा लावलेला नाही. बाकी वाघ-बिबटे आमच्यापासून तसे लांब नाहीत. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. पण खुराड्यातल्या हिशेबात बिबट्याला धरत नाहीत. तो आला तर हिशेबच राहत नाही.

हा सगळा तक्ता मी बायकोला वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला.

“तुमचा हिशेब बराबर हाये,” ती म्हणाली. “आता तो कोंबडीले समजावून सांगा.”

खरी अडचण वेगळीच होती, ती मंडई. दिवाळी झाली की भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीतल्या गावोगावी मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, जिलेबी. रात्री नाटक, तेही उजाडेपर्यंत. वडशाहून कंपनी येते, मांडव पडतो, आणि त्या एका रात्रीसाठी घरात इतके पाहुणे येतात की सोयरिकीसुद्धा त्याच गर्दीत जमून जातात. पाहुणा मंडईला आला आणि त्याला गावरान कोंबडीचा रस्सा मिळाला नाही, तर तो नाटकातल्या खलनायकाला विसरतो, आपल्याला विसरत नाही. आमच्या घरात त्या रश्शासाठी काबरीचं नाव आखाडीपासून चर्चेत होतं. आखाडीला कोंबडा गेला होता, मंडईला काबरी, असा साधारण क्रम ठरलेला.

पण बसलेल्या कोंबडीला सुरी लावायची नाही, हा मायचा नियम. त्यावर अपील नाही. म्हणजे काबरीनं एका बसण्यात मंडईपुरती स्थगिती मिळवली होती. वकील न लावता, तारीख न घेता. एकवीस दिवस मोजले तर पिल्लं निघायचा दिवस नेमका मंडईच्या आगेमागेच पडत होता. हे तिला कोणी सांगितलं, याचा मी घरात तपास केला. सगळ्यांनी इन्कार केला.

धाकट्या भावाचं मत सरळ होतं. खुडूक मोडा आणि मंडई करा. खुडूक मोडायच्या आपल्याकडे ज्या रीती आहेत त्या ऐकल्यावर पोलिसांच्या चौकशीबद्दल आदर वाटू लागतो. कोणी पायाला दोरी बांधून उघड्यावर ठेवतं, कोणी तिचंच एक पीस तिच्या नाकपुड्यांतून आरपार खोवतं, कोणी थंड पाण्यात बुडवतं, कोणी जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात घालून हवेत टांगतं. या सगळ्या छळात शास्त्र थोडंच आहे. कोंबडीच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक पाझरायला लागलं की ती खुडूक होते. अंधारी जागा, समोर साचलेली अंडी, पोटाखालची ऊब, यांनी ते वाढत जातं. पोटाची पिसं गळतात, उघडी कातडी थेट अंड्याला लागते, आणि मग त्या कातडीला गरम काही लागत राहिलं की संप्रेरक आणखी पाझरतं. पोट गार पडलं, खालून वारा लागला, की हळूहळू उतरतं. पिसानं काय होतं ते मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. पाहणाऱ्याचं समाधान होत असावं.

भावानं पाण्याचा मार्ग निवडला. पहाटेच्या अंधारात काबरीला उचलून घरामागच्या बोडीवर नेलं आणि गळ्यापर्यंत बुडवली. शेजारची काकू तेव्हा शेणाची पाटी घेऊन चालली होती. तिनं जो आरडाओरडा केला त्यानं अर्धं गाव उठलं. “काहून गा, त्या लेकुरवाळीचा जीव घेतोस? पाप लागन!” काकू कोंबडीवर इतकी माया करते हे आम्हाला नवीन होतं, तिच्या घरी दर बुधवारी काय शिजतं ते आमच्या सपरीपर्यंत येतं. तोवर काबरी भावाच्या हातून निसटली, ठिबकत ठिबकत अंगण ओलांडून आली आणि पुन्हा बारदान्यावर चढली. संप्रेरकाचं काय झालं ते कळलं नाही. वरची चार पोती मात्र ओली झाली.

मग मी जाणकाराला विचारायचं ठरवलं. गावात पशुधन पर्यवेक्षक येतात, लस टोचतात, चहा घेतात. त्यांनी काबरीकडे लांबूनच पाहिलं आणि ही पद्धतच जुनी झाल्याचं सांगितलं. गिरिराज घ्या, वनराज घ्या. एक बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचं, दुसरं हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचं. वजन जास्त, अंडी जास्त. पिल्लं हवीत तर नागपूरला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. पिल्लू अंड्यातून निघताना पिवळ्या बलकाचा शेवटचा भाग पोटात ओढून घेतं, त्यामुळे दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून राहतं. खोक्यात भरा आणि रेल्वेनं आणा. “अन् मुख्य म्हणजे साहेब, या जातींना हे असलं बसायचं खूळ नाही.”

कुक्कुटशास्त्रात खुडूक बसणं हा दोष धरतात, हे मला तेव्हा नीट उमगलं. गेल्या शतकभरात निवडून निवडून तो दोष काढून टाकलाय. पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते आणि त्यांचं पुढे काय होतं हे जन्मात एकदाही विचारत नाही. घालायचं आणि मागे वळून पाहायचं नाही. ही प्रगती आहे, यात वाद नाही. फक्त प्रत्येक प्रगत कोंबडीच्या मागे कोणीतरी अंड्यांवर बसावं लागतं: कारखान्यात यंत्र बसतं, गावात काबरी. वनराज स्वतः बसत नाही, म्हणून तिची अंडी गावोगाव गावरान कोंबडीखालीच सरकवतात.

हे पर्यवेक्षकांनाही ठाऊक होतं. चहा संपवून उठताना ते जरा घुटमळले. “तरी पण... बसवणारच असाल, तर वनराजची तीन अंडी आहेत घरी.” त्यांनी पिशवीत हात घातला. अंडी घरी नव्हती, पिशवीतच होती.

पुतण्याचा पर्याय यंत्राचा. तो गोंदियाला शिकतो आणि मोबाईलवर सगळं पाहतो. थर्माकोलचा डबा, एक बल्ब, छोटा पंखा, थर्मोस्टॅट. साडेसदतीस अंश उष्णता, वाटीत पाणी ठेवून ओलावा, दिवसातून चार-सहा वेळा अंडी फिरवायची, अठराव्या दिवसानंतर फिरवायची नाहीत. “काकाजी, कोंबडीची गरजच नाही.” मी विचारलं, वीज गेली तर? तो म्हणाला, इन्व्हर्टर. इन्व्हर्टर उतरला तर? त्यावर तो बराच वेळ बोलला नाही, आणि काबरी मात्र त्याच्याकडे पाहत गुरगुरली.

तसा माणूस या धंद्यात जुना आहे. इजिप्तमध्ये हजारो वर्षं मातीच्या मोठ्या भट्ट्यांत अंडी उबवली जायची. थर्मामीटर नव्हता, भट्टीतला कामगार अंडं उचलून पापणीला लावायचा आणि ऊब जोखायचा. फ्रान्सच्या रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं, ज्याच्या नावानं तापमापक होता, लिदीच्या उष्णतेवर अंडी उबवायचे प्रयोग करून १७४९ साली त्यावर ग्रंथ काढला. त्याहीपुढे गेली ती रोमची लिव्हिया. पोटात मूल असताना मुलगा की मुलगी हे पाहायला तिनं कोंबडीखालचं एक अंडं काढून घेतलं आणि ती व तिच्या दासी आळीपाळीनं ते हातांच्या उबेत धरून बसल्या. डौलदार तुऱ्याचा कोंबडा निघाला, आणि पुढे टायबेरियस जन्मला. स्वेटोनियसनं हे सम्राटाच्या चरित्रात लिहून ठेवलंय. म्हणजे आमच्या घरातली चर्चा अगदीच हलक्या दर्जाची नव्हती.

लिव्हियाची गोष्ट मी जेवताना सांगितली. ती सांगायला नको होती, असं नाही. जेवताना सांगायला नको होती. बायकोनं भाकरीवरचा हात थांबवला. “मंग तुमीच बसा ना. नोकरी त जन्मभर बसूनच केली.”

“पुरुष बसत नाहीत,” मी म्हणालो.

“सारसाचा बसते.”

याला उत्तर नव्हतं. सारस क्रौंच महाराष्ट्रात उरलेत ते मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात. धानाच्या बांधीत घरटं करतात, साधारण दोन अंडी, आणि नर-मादी पाळीपाळीनं महिनाभर बसतात. त्यांची दरवर्षी गणना होते, घरट्यावर पोरं पाळत ठेवतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. नवेगावबांधच्या पाखरांवर मारुती चितमपल्लींनी पानंच्या पानं लिहिली. काबरी त्याच तालुक्यातली, पण तिच्या घरट्याची दखल आमच्याखेरीज कोणी घेतलेली नाही. आमच्या कोंबड्याची बाप म्हणून काय लायकी होती तेही विचारून उपयोग नव्हता, तो आखाडीलाच गेला होता.

यातूनच चर्चेला नवं वळण लागलं. कोंबडा नाही, तर आमची अंडी उबायची कशी? अंडं घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, पिल्लाला लागतो. बायको म्हणाली, काकूचा लाल कोंबडा रोज पहाटे कुंपणावरून येतो, तिनं स्वतः पाहिलंय. एका भेटीची पुंजी कोंबडीच्या पोटात आठवडा-दोन आठवडे पुरते, हे पर्यवेक्षकांनी मान खाली घालून दुजोरा देत सांगितलं. काकूला हे कोणीतरी कुंपणापलीकडे ऐकवलं. ती तडक आली.

“कोण म्हनते? आमचा कोंबडा तसा नाही!”

कोंबड्याच्या चारित्र्यासाठी इतकं तळमळणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. काकूनं साक्षी काढल्या, कुंपणाची उंची दाखवली, तो संध्याकाळीच डालग्याखाली झाकला जातो आणि उन्हं वर आल्यावरच निघतो हे शपथेवर सांगितलं. बायको आपल्या म्हणण्यावर ठाम. मी मधे पडून दोघींचंही बरोबर असू शकतं असं म्हणालो, त्यावर दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

शेवटी निकाल मायनं दिला. ती इतके दिवस खाटेवर बसून सुपात कनकी निवडत होती. “मे महिना असता त मी नाही म्हनलं असतं,” एवढंच कारण तिनं सांगितलं. ते पक्कं आहे. वीस-एकवीस अंशांच्या वर अंड्यातला जीव थोडा थोडा जागा व्हायला लागतो. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा पंचेचाळिसाला टेकतो, म्हणजे अंडं कोंबडीखाली जायच्या आधीच टोपल्यात अर्धवट उबतं आणि मरतं. थंडीची पिल्लं जगतात. कोठ्यात नवं धान असतं, कोंडा-कनकीला तोटा नसतो. मायनं अंश मोजले नव्हते, उन्हाळ्यात बसवलेली अंडी फेकली होती.

मग विधी. अंडी विषमच पाहिजेत; काबरीचं अंग पाहता अकरा. टोपल्यात तनस, तनशीखाली जुना इळा, एक कोळसा, दोन लाल मिरच्या. इळा विजेसाठी: ढग कडाडले की अंड्यातला जीव दचकून मरतो, लोखंड असलं की मरत नाही. पुतण्या हसला. त्याला मी सांगितलं की पहिल्या शतकातल्या कोलुमेला नावाच्या रोमन शेतकऱ्यानं हेच लिहिलंय: अंडी विषम, आणि गडगडाटापासून राखायला घरट्यात लोखंडी खिळे. प्लिनीही खिळ्याचं सांगतो. माय ऐकत होती.

“त्याहीच्या इथं धान होते काय?”

“नाही. गहू पिकायचा.”

“तरी समजत होतं म्हनायचं,” माय म्हणाली आणि इळा नीट सरकवला.

काबरीला उचलून टोपल्यात ठेवायची वेळ आली. काकू पुढे झाली. म्हणे तिचा हात तिला सवयीचा आहे. तो सवयीचा कसा, हे पुढच्या क्षणी उघड झालं. काबरी उठली आणि खालच्या पोत्याच्या घडीत, बोटभर तनशीखाली, दोन मोठी, हिरवट पांढरी अंडी दिसली. बदकाची. काकूच्या बदकांनी घातलेली आणि काकूनंच आठवडाभरापूर्वी गुपचूप ठेवलेली. बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस दिवस लागतात, कोंबडीच्या अंड्याला एकवीस. सगळी पिल्लं एकदम निघावीत तर बदकाला आठवडाभर आगाऊ बसवावं लागतं. काकूनं ते केलं होतं. आम्ही सपरीत रोम आणि इजिप्त करत होतो तेव्हा काबरीचं कामकाज सुरू झालेलं होतं. बोडीवरच्या त्या पहाटे काकू लेकुरवाळी म्हणून का ओरडली, त्याचाही उलगडा झाला.

“तुमचं काही ठरून नव्हतं रायलं,” काकू म्हणाली. “म्हनून म्हनलं, तवरक.”

दोन बदकाची झाली. काकूनं पदरातून आणखी तीन काढली, ही कोंबडीची. तीन पर्यवेक्षकांची. अकरातून आठ गेली. ज्यांची कोंबडी, ज्यांची सपरी, ज्यांचा बारदाना, त्यांच्या वाट्याला तीन जागा उरल्या. पुढे भांडण नको म्हणून पुतण्यानं मार्करनं प्रत्येक अंड्यावर आडनावाचं पहिलं अक्षर लिहिलं. वाटणीची रीतही माहीतच होती: कोंबडी ज्याची त्याला परक्या अंड्यांतल्या पिल्लांत निम्मा वाटा. टोपलं थप्पीवरच ठेवावं लागलं, जमिनीवर ठेवलं की काबरी उठून पुन्हा वर चढे.

मधल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोंबडी अंड्यावर बसते तेव्हा काही घडत नाही, तेच घडायचं असतं. दिवसातून एकदा ती उठे, घाईघाईनं कनकी टिपे, पाणी पिई, धुळीत लोळे, आणि दिवसभराचं राखून ठेवलेलं एकाच ठिकाणी सोडून जाई. त्या एका क्षणासाठी सपरीत कोणी थांबत नसे. आठवड्यानं मोबाईलच्या उजेडावर अंडं धरलं की आतलं लाल शिरांचं जाळं दिसतं, जीव धरलाय की नाही ते कळतं. पुतण्या मोबाईल घेऊन गेलाही. माय म्हणाली, पोटातल्या लेकराच्या डोळ्यात बॅटरी मारतात काय? आणि समजा दोन खराब निघाली, काढली, तर अंडी नऊ. तीन निघाली तर आठ, म्हणजे सम. त्यापेक्षा न पाहिलेलं बरं.

आणि मग व्हायचं तेच झालं. मंडईचा दिवस, घरात पाहुणे, रात्रीच्या नाटकाच्या भोंग्याची गल्लीतून फेरी, आणि सकाळीच बातमी आली की खरेदी केंद्र उघडलं, ज्यांचं धान तयार आहे त्यांनी बारदाना घेऊन यावं. बारदान्यावर काबरी. टोपल्यातून आदल्या संध्याकाळपासून आवाज येत होता. पिल्लं कवच फोडायच्या आधीच आतून बोलायला लागतात आणि कोंबडी खालच्या आवाजात उत्तर देते. माय म्हणाली, आज टोपलं हलवायचं नाही. मी केंद्राकडे पाहिलं, थप्पीकडे पाहिलं. त्या दिवशी आमचं धान काकूच्या पोत्यांतून गेलं. एवढ्या मोठ्या मनाची ती एरवी नाही. पण तिची बदकं आमच्याकडे होती.

पाहुण्यांना रस्सा मिळाला तो बाजारातून आणलेल्या कोंबडीचा, आणि भाव ऐकून धाकट्या भावानं त्या दिवशी भात कमी खाल्ला.

दुपारपर्यंत सहा पिल्लं आणि दोन बदकं निघाली. पुतण्या वाटणीला बसला आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की नाव अंड्यावर होतं, पिल्लावर नाही. सहाही पिल्लं काबरीच्या पंखांखालून सारखीच डोकावत होती. त्यानं फुटकी कवचं जमवून अक्षरं जुळवायला घेतली. नाटक बघायला आलेले पाहुणे तो खेळ पाहायला कडं करून उभे राहिले. कोणी म्हणे हे काळपट वनराजचं, कोणी म्हणे वनराजचे पाय जाड असतात. पर्यवेक्षक लसीचं विचारायला म्हणून आले आणि पायांची जाडी बघायला थांबले. बायको म्हणाली, भानगडच नको, निम्म्या वाट्याप्रमाणे आठातली चार आमची.

“चार कशी?” काकू म्हणाली. “बदकं धरायची नाहीत. तुमचं बसवायचं ठरलं तवा ती बसलेलीच होती. त्याच्यावर तुमचा ठराव लागू नाही.”

“मंग तवा पोते कोणाचे होते?” मायनं खाटेवरून विचारलं.

इकडे हा वाद, तिकडे टोपल्याच्या तळाशी तीन अंडी न फुटता राहिली होती. त्यांच्यावरची अक्षरं मात्र शाबूत होती, ठळक, वाचता येण्याजोगी. तिन्हीवर आमचंच आडनाव. काकूनं त्यातलं एक उचललं, कानाशी धरून हलवलं. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तो कडं करून उभ्या पाहुण्यांनीही ऐकला. काकूनं अंडं सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

“म्हनलं होतं ना मी,” ती म्हणाली, “आमचा कोंबडा तसा नाही.”